पांढऱ्या केसांचा विग आणि परळचे मास्टर: सात महिन्यांच्या वापरानंतर

38,000 रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, कारण विग बघितला की प्रत्येकजण पहिलं तेच विचारतो आणि उत्तर ऐकलं की पुढचं काही ऐकत नाही. 15,000 आगाऊ दिले, बाकीचे विग हातात पडल्यावर. माणसाच्या केसांचा, एकेक केस हाताने जाळीत गाठवून केलेला पांढरा विग. सात महिन्यांत तीन कामांना वापरला, पाच वेळा धुतला. आता त्याच्याबद्दल लिहायला हरकत नाही.

मी हेअर ड्रेसर आहे. 1991 साली व्यावसायिक नाटकांपासून सुरुवात केली, मग सिनेमे, आणि गेली वीस वर्षं बहुतेक मालिकाच. राहायला लालबागला. इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून किती आया, सासवा, आज्या गेल्या याची मोजदाद नाही. त्यातल्या बहुतेक मी एकाच पद्धतीने म्हाताऱ्या केल्या. जुना टूथब्रश घ्यायचा, पांढऱ्या रंगात बुडवायचा, कानशिलांवरून दोनदा मागे फिरवायचा आणि मागे घट्ट अंबाडा. चार मिनिटांत बाई साठीची. लायटिंग तयार असतं, डायरेक्टरला घाई असते, कुणी काही विचारत नाही.

खऱ्या बाईचे केस असे पांढरे होत नाहीत. कानशिलं बहुतेक आधी पांढरी होतात हे खरं, पण त्याच्या जोडीने भांग रुंद होत जातो. चाळीस वर्षं एकाच जागी भांग पाडून केस ओढून बांधले की मधली कातडी दिसायला लागते. कपाळावरची केसांची ओळ विरळ होते. मानेवरचे केस मात्र बरेच दिवस काळे राहतात. अंबाडा जरा वर उचलला की खाली काळी लव दिसते. पांढरा केस काळ्यासारखा गुमान पडून राहत नाही. हाताला खरखरीत लागतो, वेणीतून वर येतो. संध्याकाळी सातच्या लोकलला लेडीज डब्यात उभं राहून बघा. कुणाचे मेंदीने केशरी झालेले, कुणाच्या डायखाली बोटभर पांढरी रेघ आलेली, कुणाचे पुढून पांढरे आणि शेपटा काळा. दोन डोकी सारखी सापडायची नाहीत. पडद्यावर मात्र सगळ्या आज्यांना आम्ही एकच डोकं दिलं.

विग घ्यायची वेळ आली ती ताईंमुळे. त्यांचं नाव लिहीत नाही. वय 66, नाटकातून आलेल्या, सध्या एका मालिकेत आजी करतात. घोडबंदर रोडच्या सेटवर मी त्यांचे केस करते. त्या मालिकेत आजीचे केस काळे हवेत, फक्त कानशिलांवर दोन पट्टे. 'आजी फ्रेश दिसली पाहिजे' हे पहिल्या दिवशीच सांगितलं गेलं. ताईंचे स्वतःचे केस सगळे पांढरे आहेत. म्हणजे दर अठरा दिवसांनी मी त्यांचे पांढरे केस काळे करते, आणि रोज सकाळी त्याच काळ्या केसांवर पांढरे पट्टे ओढते. दोन वर्षं हे चाललं होतं. डायने त्यांच्या कानामागे पुरळ यायचं, त्यावर खोबरेल लावून मी काम उरकायचे.

मग एका तरुण दिग्दर्शिकेने शॉर्ट फिल्मसाठी त्यांना विचारलं. गोष्ट गिरणगावातली. गिरणी संपानंतर नवऱ्याची नोकरी गेली म्हणून खानावळ सुरू केलेली बाई, आता सत्तरीची, मुलगा खोली विकायला निघालाय. ताईंनी एका बैठकीत होकार दिला. मालिकेचे महिन्याला बावीस दिवस चालूच होते, त्यामुळे डाय बंद करणं शक्य नव्हतं. सहासष्ट वर्षांच्या, पांढऱ्या केसांच्या बाईला तिच्या वयाचं दिसण्यासाठी विग लागला, तो असा.

आधी तयार विग आणले. एक 1,800 चा, एक 3,200 चा, दोन्ही सिंथेटिक. मुळापासून टोकापर्यंत एकच पांढरा रंग, दिव्याखाली नायलॉनसारखी चमक, भांगाच्या जागी शिवण. नाटकात बाराव्या रांगेतून कदाचित चाललं असतं. आताचे कॅमेरे कपाळावरची लव मोजतात, तिथे एक शॉटही निघाला नसता. भाड्याचा विग बघितला. माणसाच्या केसांचा होता, पण टोपीचं इलॅस्टिक सैल पडलेलं आणि आत कुणाच्या तरी डोक्याचा वास. ताईंच्या डोक्यावर तो ठेवायला माझा हात धजला नाही.

विग करणाऱ्या मास्टरांचं नाव माझ्या यजमानांच्या जुन्या डायरीत होतं. यजमान मेकअपमन होते, त्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. परळ स्टेशनच्या पूर्वेला उतरायचं, केईएमच्या दिशेने चालत निघायचं, मध्येच एका गल्लीत वळायचं. जुनी इमारत, दुसरा मजला, दारावर पाटी नाही. आत दोन टेबलं, एक मोठा दिवा, लाकडी डोकी ओळीने मांडलेली, आणि खिडकीजवळ मास्टर, सत्तरीचे, डोळ्याला भिंग लावून. मदतीला त्यांची सून. टाटा हॉस्पिटल जवळ असल्यामुळे त्यांच्याकडे किमो चालू असलेल्या बायका जास्त येतात. आम्ही गेलो तेव्हा बाकावर एक मुलगी आईला घेऊन बसली होती. मास्टर त्या आईला विचारत होते, 'वेणी घालत होता की अंबाडा? भांग मधे की बाजूला?' तिने डोक्यावरचा रुमाल न काढता बोटाने हवेत भांग काढून दाखवला. त्यांनी तो तसाच वहीत उतरवला.

आमची पाळी आल्यावर मला वाटलं, डोक्याचं माप घेतील. मास्टरांनी आधी विचारलं, 'ही बाई करते काय?'

मी म्हटलं, खानावळ चालवते.

'किती वर्षं?'

ताई म्हणाल्या, चाळीसेक धरा.

'मग पुढचे केस पिवळट पाहिजेत. स्टोव्हसमोर वाकून वाकून, तेलाच्या वाफेने पांढरा केस पिवळा पडतो. मागचे स्वच्छ पांढरे. आणि घाम पुसताना हात नेहमी उजव्या कानशिलावर जाणार, तिथले तुटलेले, आखूड.'

मी चौतीस वर्षं या धंद्यात आहे. हा प्रश्न मला कुणी विचारलेला नव्हता, आणि मीही कुणाला विचारला नव्हता. माझ्या आत्याने लालबागला खानावळ चालवली, वीस-बावीस गिरणी कामगार दोन वेळा जेवायला असायचे. तिचे पुढचे केस पिवळट होते. रोज बघत होते मी ते. सेटवर गेल्यावर ते डोळे मी कुठे ठेवत होते, हे त्या खोलीत उभी असताना मनात आलं.

मग त्यांनी ताईंना खिडकीजवळ बसवलं, शेपटीच्या कंगव्याने भांग उघडला आणि दिवा ओढून घेतला. शेवटचा डाय लावून बारा दिवस झाले होते. मुळाशी तांदळाच्या कण्यांएवढे पांढरे केस वर आले होते. मास्टर मला म्हणाले, 'वहिनी, रंग कुठला शोधताय? रंग इथेच आहे.' त्यांनी नमुन्यांची दोरी काढली, पांढऱ्याच्या अकरा छटांची, आणि एकेक बट त्या मुळांना लावून बघत गेले. तीन छटा निवडल्या, मानेसाठी चौथी करडी. मग डोक्याला पातळ प्लास्टिक गुंडाळून त्यावर सेलोटेप, त्यावर मार्करने केसांची ओळ, भांग, कानाची जागा. तो साचा म्हणजे ताईंचंच डोकं. भांगाची रुंदी त्यांनी पट्टीने मोजली आणि साच्यावर लिहिली, 9 मिलिमीटर. ताई म्हणाल्या, 'मालिकेत इथे काळी पावडर भरतात हो.' मी भरते, हे त्यांनी सांगितलं नाही.

केस मिळवणं हा या कामातला सगळ्यात अवघड भाग. काळे केस भरपूर मिळतात, तिरुपतीच्या केसांचे तर लिलाव होतात. लांब, धड असे पांढरे केस दुर्मीळ. म्हणून बाजारातल्या बऱ्याच पांढऱ्या विगांत याकचे केस असतात, किंवा माणसाचेच काळे केस ब्लीच केलेले. मास्टरांनी आमच्या विगमध्ये कपाळाकडे अस्सल पांढरे वापरले आणि आत, जिथे कॅमेरा जात नाही, तिथे ब्लीच केलेले. हे त्यांनी आपणहून सांगितलं आणि त्याप्रमाणे पैसेही कमी लावले. या धंद्यात असं कुणी सांगत नाही.

आता जरा माझ्या लाइनबद्दल, कारण त्याशिवाय हा विग मला एवढा मोलाचा का वाटतो ते कळणार नाही. मी कामाला लागले तेव्हा आमच्या धंद्यात बायकांना युनियनचं मेकअप आर्टिस्टचं कार्ड मिळत नव्हतं. मेकअप पुरुषांनी करायचा, बायकांनी फक्त केस. 10 नोव्हेंबर 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने मेकअप आर्टिस्ट चारू खुराना यांच्या याचिकेवर निकाल देऊन ही बंदी मोडली. तोपर्यंत म्हाताऱ्या बाईचा चेहरा मेकअपदादा करायचे आणि डोकं मी. दोघं दोन टोकांना. त्यांनी सुरकुत्या सत्तरीच्या काढलेल्या असायच्या आणि माझे केस पन्नाशीचे, किंवा उलट. दोघांना बसवून 'ही बाई कोण आहे' असं सांगणारं कुणी नसायचं. माझ्या यजमानांशी मी घरी यावर वाद घालायचे. ते म्हणायचे, तूच चेहरा कर. हाताला सवय होती माझ्या, कार्ड नव्हतं.

आणि बहुतेक वेळा खुर्चीत बसलेली बाई मुळात म्हातारी नसायचीच. 'मदर इंडिया' 1957 चा. सुरुवातीलाच पांढऱ्या केसांची राधा दिसते. नर्गिस तेव्हा 28 वर्षांच्या होत्या, आणि त्यांच्या मुलाचं काम करणारे सुनील दत्त त्यांच्याच वयाचे, दोघंही जून 1929 चे. 1976 च्या 'कभी कभी'त वहीदा रेहमान अमिताभ बच्चन यांच्या पत्नी होत्या, दोन वर्षांनी 'त्रिशूल'मध्ये त्यांच्या आई. 1990 च्या 'अग्निपथ'मध्ये आई झालेल्या रोहिणी हट्टंगडी आपल्या पडद्यावरच्या मुलापेक्षा, म्हणजे अमिताभ यांच्यापेक्षाच, साडेआठ वर्षांनी लहान. या तिघींच्या अभिनयाबद्दल मी काय बोलणार, मी त्यांच्याकडे बघत शिकले. पण हिरोची आई व्हायला बाईचं वय लागतच नाही, पांढरा रंग पुरतो, असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं ते यातूनच. मालिकांनी लीप आणली, म्हणजे गोष्ट एका एपिसोडात कित्येक वर्षं पुढे नेली, आणि तिशीच्या मुली आज्या झाल्या. एका लीपच्या दिवशी मी सकाळी सातपासून सात मुलींच्या कानशिलांना पट्टे ओढले. ब्रश एकच.

2019 ला 'सांड की आंख' आला. साठी ओलांडल्यावर बंदूक हातात घेतलेल्या चंद्रो आणि प्रकाशी तोमर यांच्यावरचा सिनेमा, आणि काम करणाऱ्या दोघी तिशीतल्या. गोष्ट त्यांच्या तरुणपणापासून सुरू होते, हे मला मान्य आहे. मुलींनी मेहनतही घेतली. तरी निदान आमच्या वयाच्या भूमिका तरी आम्हाला द्या, असं नीना गुप्तांनी तेव्हा जाहीरपणे म्हटलं होतं, आणि आमच्या मेकअप रूममधल्या प्रत्येक साठीच्या बाईने ते एकमेकींना फोनवर पाठवलं होतं. ताईंनी मला पाठवलेलं अजून माझ्याकडे आहे.

प्रेक्षकांना म्हाताऱ्या बायका बघायच्या नसतात, हे मी चॅनेलच्या माणसांकडून इतक्यांदा ऐकलंय. 2023 च्या जूनअखेरीस 'बाईपण भारी देवा' लागला. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, थोरल्या बहिणीच्या कामात त्याच रोहिणी हट्टंगडी. आमच्या चाळीतल्या अकरा जणी नऊवारी नेसून दादरला गेलो. इंटरव्हलला बाथरूमच्या रांगेत गुडघे धरून उभ्या असलेल्या बायका फुगडीची गोष्ट करत होत्या. त्या हॉलमध्ये काळे-पांढरे, मेंदीचे, विरळ, सगळ्या तऱ्हेचे केस होते. तिकीट काढून आलेले.

विग ठरल्यापेक्षा दोन आठवडे उशिरा मिळाला. पाच आठवडे सांगितले होते, सात लागले. शूटिंग लांबलं म्हणून निभावलं, नाहीतर आमची पंचाईत होती. ज्यांना तारीख गाठायची आहे त्यांनी हे धरून चालावं.

पहिल्या दिवशी शूटिंग लालबागच्याच एका खोलीत होतं. मी ताईंचे केस चपटे वळवून पिनांनी बसवले, वर पातळ टोपी, त्यावर विग. कपाळावरची जाळी गमने चिकटवली आणि कंगव्याच्या टोकाने लव मोकळी केली. भांग पाडायला गेले तर पाडावा लागलाच नाही, केस आपणहून दोन बाजूंना पडले आणि मधे ती 9 मिलिमीटरची वाट दिसली. ताईंनी आरशात बघितलं. चष्मा मागितला, परत बघितलं. मग फोन काढून स्वतःचा फोटो घेतला आणि पुण्याला धाकट्या बहिणीला पाठवला, खाली काही न लिहिता. दोन मिनिटांत उत्तर आलं: 'डाय बंद केलास? बरं केलंस. मीही करते आता.'

विगबद्दल यापेक्षा मोठी पावती मला लिहिता येणार नाही. सख्ख्या बहिणीला तो विग वाटला नाही.

त्या दिवशी ताईंचं चालणंही बदललेलं दिसलं. मालिकेत त्या मान ताठ ठेवतात, पट्टे कॅमेऱ्याला दिसावेत म्हणून. इथे भाकरी थापताना त्यांनी मनगटाने उजव्या कानशिलावरचा घाम पुसला, तिथल्या आखूड बटा उभ्या राहिल्या, आणि दिग्दर्शिकेने 'कट' म्हटलंच नाही. मी कंगवा घेऊन पुढे सरसावले होते, तिने हाताने थांबवलं.

फोटो मालिकेच्या सेटवरही पोहोचला. तिथल्या क्रिएटिव्ह बघणाऱ्या मुलीने तो बघून म्हटलं, 'ताई, किती म्हाताऱ्या दिसताय यात, प्लीज कुठे टाकू नका.' मुलगी वाईट नाही, पंचविशीची आहे, तिला वरून जे सांगितलं जातं ते ती बोलते. पण सहासष्ट वर्षांच्या बाईला तिच्या वयाची दिसल्याबद्दल कुणी सांभाळून घेतल्यासारखं बोलावं, याचा मला त्या दिवशी फार राग आला. आजही आहे.

आता तक्रारी. पहिली जिन्याची. दुसरा मजला, लिफ्ट नाही, लाकडी पायऱ्या उंच, कठडा हलतो. तिथे येणाऱ्या बायका आजारी असतात नाहीतर वयस्क. ताई मधे दोनदा थांबल्या. मास्टरांच्या सूनबाईंना सांगितलं की त्या खाली येऊन माप घेतात, पण हे फोनवर त्यांनी आधी सांगायला हवं. दुसरी, जाळीचा रंग. जाळी गोऱ्या कातडीच्या हिशोबाने आली, ताई सावळ्या. चहाच्या कोऱ्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून मी ती जुळवून घेतली. 38,000 घेतल्यावर हे काम त्यांच्याकडूनच व्हायला हवं. तिसरी, उकाडा. मेमधल्या शूटिंगला दर दोन तासांनी कपाळाचा गम सुटत होता. याला मास्टर काही करू शकत नाहीत, पण मेकअप रूममध्ये पंखा हवाच. पावती मागितल्याशिवाय देत नाहीत, मागून घ्या.

धुण्याचं एवढंच: कोमट पाणी, सौम्य शांपू, चोळायचं नाही, केसांच्या दिशेने हात फिरवायचा, टॉवेलात दाबून लाकडी डोक्यावर सावलीत वाळवायचा. पांढऱ्या केसाला ऊन लागलं की तो नको तिथे पिवळा पडतो. हेअर ड्रायर लांब ठेवा.

कुणी घ्यावा? हौशी संस्थांना एका एकांकिकेसाठी हा खर्च झेपणार नाही, हे मला कळतं. त्यांच्यासाठी मास्टर नुसती पुढची पट्टी करून देतात, कपाळ आणि भांगापुरती, 9,000 पासून. मागे स्वतःच्या केसांत मिसळायची. ती मी दुसऱ्या एका कामाला वापरली, चांगली बसते. पन्नाशीपुढच्या अभिनेत्री डायमध्ये अडकल्या असतील तर त्यांच्यासाठी पूर्ण विगच. आणि माझ्या हेअर ड्रेसर मैत्रिणींनी काही घ्यायचं नसलं तरी एकदा जाऊन मास्टर माप कसं घेतात ते बघून यावं. ते बसू देतात, चहाही देतात.

सोमवारी बंद असतं. दुपारी एक ते तीन जेवणाची सुट्टी. भांगाजवळचे सात-आठ केस सुटलेत, ते गाठवून घ्यायला मी शनिवारी जाणार आहे. ताई बरोबर येणार आहेत, बहिणीला घेऊन.